घराला शेक

हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर मी प्लॅस्टिकचा एक चौकोन चिकटवला होता. हातभर लांब, हातभर रुंद, चारही कडांना खाकी चिकटपट्टी. रंगाऱ्याने सांगितलेली युक्ती. चोवीस तासांनी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं तर भिंत ओली, नाही दिसलं तर पुट्टी लावायला हरकत नाही. जुलै २०२५ मध्ये मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या चौकोनासमोर उभा राहायचो. आत मोहरीएवढे थेंब असायचे. वरचे थेंब एकमेकांत मिसळून ओघळायचे आणि खालच्या पट्टीपाशी त्यांची बारीक रेघ साचायची. गणपती २७ ऑगस्टला होते.

कुडाळजवळच्या आमच्या गावातलं जुनं घर मातीचं होतं. आजी होती तोवर उभं होतं. ती गेल्यावर कुलूप लागलं, आणि आठ पावसाळ्यांत ते बसलं. आधी वाशाला वाळवी, मग कौलं घसरली, मग भिंतीच्या डोक्यावर पाणी. कोकणात हे सगळ्यांना माहीत आहे. बंद घर पडतं. पण का पडतं याचा मी कधी विचार केला नव्हता. चोरासारखं शिरणारं पाणी आणि वाळवी, एवढंच माझं उत्तर होतं. ते अर्धंच होतं, हे पुढे कळलं.

नवीन घर चिऱ्याचं. जांभा दगडाचे चिरे खाणीतून कापून येतात तेव्हा भाजलेल्या विटेसारखे दिसतात. बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळात हा दगड पाहून १८०७ मध्ये त्याला लॅटराइट नाव दिलं, तेसुद्धा विटेच्या लॅटिन शब्दावरून. चिऱ्याला बारीक भोकं असतात. त्यामुळे तो उन्हाळ्यात गार राहतो आणि पावसाळ्यात पाणी पितो. पिऊ नये म्हणून बाहेरून गिलावा करायचा असतो. आमचा हिशेब असा होता: मार्चमध्ये भिंती, एप्रिलमध्ये स्लॅब, मे महिन्यात आतला आणि बाहेरचा गिलावा, जूनच्या पहिल्या आठवड्यात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मग निवांत आतली कामं.

त्या वर्षी पावसाने आमचा हिशेब विचारात घेतला नाही. मे महिन्याच्या विशीतच धो धो सुरू झाला, आणि २४ मेला केरळात, २५ मेला तळकोकणात मान्सूनच आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मुंबईत तर २६ मेला, म्हणजे नेहमीच्या तारखेच्या पंधरवडाभर आधी. आतला गिलावा निम्मा झाला होता. बाहेरचा सुरूही नव्हता. स्लॅबवर निळी ताडपत्री टाकली, पश्चिमेला बांबू रोवून झावळ्यांची झड बांधली, आणि आतलं काम तसंच पुढे रेटलं. १० जूनला आतला गिलावा पुरा झाला. बाहेरून उघडी चिऱ्याची भिंत पाऊस पीत होती आणि आतून ओला गिलावा तिला चिकटला होता. सँडविचमधल्या काकडीची जी अवस्था, तीच त्या भिंतीची.

यातली गंमत अशी की त्यानंतरही दहा दिवस आम्हीच त्या भिंतीला पाणी पाजत होतो. मिस्त्री रोज सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन पाणी मारायचा. तो विजापूरकडचा. त्याचं मराठी आखूड आणि ठाम. "साहेब, सिमेंट सुकत नाही, पिकतं," असं तो म्हणायचा. शास्त्र अगदी हेच सांगतं. सिमेंट घट्ट होतं ते पाणी उडून गेल्यामुळे नव्हे, पाण्याशी संयोग होऊन. पन्नास किलोच्या पोत्याला तो संयोग पुरा करायला अकरा-बारा लिटर पाणी पुरतं. पण तेवढ्यात माल थापीवर चालत नाही, म्हणून आपण पंचवीस-तीस लिटर ओततो, कधी जास्तच. वरचं सगळं पाणी भिंतीतून कधी ना कधी बाहेर पडायचंच असतं. आधी आठवडाभर ते पडू द्यायचं नाही, आणि नंतर पडल्याशिवाय पुट्टीचा हात लावायचा नाही. ही दोन वेगळी कामं आहेत हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, पाणी मारणं थांबलं की वाळणं आपोआप सुरू होतं.

जुलैत कोकणातल्या हवेत आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. टॉवेल तीन दिवस दांडीवर राहतो आणि चौथ्या दिवशी त्याला वास येतो. भिंत म्हणजे एक जाड टॉवेल. सत्तावीस अंशांची एक घनमीटर हवा फार तर सव्वीस ग्रॅम वाफ धरते, आणि नव्वद टक्के भरलेली असली की तिच्यात दोन-अडीच ग्रॅमचीच जागा उरते. तीच हवा पस्तीस अंशांपर्यंत तापवली की तिची भूक चाळीस ग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे तिला आणखी सोळा-सतरा ग्रॅम पाणी उचलता येतं. हे आकडे मला पाठ आहेत, कारण त्या महिन्यात मी भिंतीपेक्षा जास्त वेळ मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो. निष्कर्ष सोपा वाटला. घर तापवायचं.

पहिला प्रयोग हॅलोजनचा. हजार वॅटचे चार दिवे भिंतीकडे तोंड करून लावले. दिव्यासमोर ताटाएवढा गोल भाग पांढरा पडला, बाकी भिंत तशीच राखाडी. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या थोडी आत वीज लागते, आणि तीही सगळी उष्णता पाण्यालाच मिळाली तर. इथे निम्मी चिऱ्यात जिरत होती. शिवाय आमच्याकडे जुलैत दिवसातून किती तास वीज असते हे विचारायचं नसतं.

मग गॅस. कुडाळच्या एका केटरिंगवाल्याकडून लग्नातल्या जेवणाची मोठी भट्टी आणि एकोणीस किलोचे दोन सिलिंडर भाड्याने आणले. खिडक्यांना अजून झडपा नव्हत्या, त्यांना प्लॅस्टिक ठोकलं. दारावर गोधडी. भट्टी हॉलच्या मधोमध पेटवली. तासाभरात आत घाम फुटेल इतकं गरम झालं आणि मला फार बरं वाटलं. ऐन जुलैत कोरड्या उन्हाळ्यात उभं राहिल्यासारखं. रात्रभर एक सिलिंडर जाळला. सकाळी गोधडी बाजूला केली तर भिंतीवरून पाणी ओघळत होतं. फक्त पश्चिमेच्या नव्हे, चारही. छतालाही थेंब. प्लॅस्टिकच्या चौकोनाची गरजच उरली नव्हती, अख्खं घरच चौकोन झालं होतं.

एडमंटनला माझा भाचा घरं बांधणाऱ्या एका कंपनीत देखरेखीचं काम करतो. त्याला फोटो पाठवला. तो आधी हसला, मग म्हणाला, "मामा, गॅस जळला की काय होतं, दहावीत काय शिकवलं होतं?" कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की साधारण दीड किलोहून थोडं जास्त पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. एकोणीस किलोचा सिलिंडर म्हणजे जवळजवळ तीस लिटर. दोन मोठ्या बादल्या भरून पाणी मी रात्रभर, पैसे देऊन, बंद घरात सोडलं होतं.

त्याच्याकडे हा प्रश्न रोजचाच. तिथे हिवाळ्यात उणे वीस असतं, तरी बांधकाम थांबत नाही. कोवळ्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं तर ते नऊ टक्क्यांनी फुगतं आणि काँक्रीट आतून पिचतं, म्हणून अर्ध्या घराला ताडपत्री गुंडाळून आत हीटर लावतात. पुढे भिंतींचे बोर्ड चढले, सांधे लिंपले, की ते सुकवायला पुन्हा हीटर. त्याने दोन प्रकार सांगितले. एकात आग उघडी असते आणि जळलेली हवा तिथेच खोलीत येते. तो स्वस्त. दुसऱ्यात आग एका बंद डब्यात जळते, तिचा धूर नळीने घराबाहेर जातो आणि आत फक्त तापलेली कोरडी हवा फुंकली जाते. "नवखा माणूस पहिला आणतो," भाचा म्हणाला, "आणि सकाळी खिडकीच्या आतून बर्फ खरवडतो." मग त्याने विचारलं, "हवा बाहेर जायला वाट कुठे ठेवली होतीस?"

वाट ठेवलीच नव्हती. वाट बंद करायला मी चारशे रुपयांचं प्लॅस्टिक आणलं होतं.

गॅसने पाणी होतं म्हटल्यावर मी कोळशाकडे वळलो. लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा कोळसा, जवळजवळ निव्वळ कार्बन, त्याच्या जळण्यातून पाणी निघत नाही. माझं रसायनशास्त्र आता पक्कं झालं होतं, अक्कल मात्र जिथल्या तिथे. तीन लोखंडी घमेल्यांत निखारे केले आणि हॉलमध्ये ठेवले. या वेळी एक खिडकी बोटभर उघडी ठेवली आणि वाट दिली असं समजून चाललो. रात्री नऊच्या सुमारास बघायला आत गेलो. धूर नव्हता, वास नव्हता, निखारे छान लाल. भिंतीला हात लावत, चौकोन बघत, वीसेक मिनिटं रेंगाळलो असेन. कपाळात ठोके पडायला लागले. पायऱ्या उतरताना गुडघे माझे नसल्यासारखे वाटले आणि अंगणातल्या माडाला धरून मी ओकलो.

कार्बन मोनॉक्साइड. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. ना रंग, ना वास. उत्तरेत दर थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, या बातम्या मी चहाबरोबर वाचलेल्या होत्या. त्या बातमीतल्या माणसांना मी मनातल्या मनात अडाणी म्हणत असे, हेही इथे लिहून ठेवतो.

काकी शेजारच्या घरातून कंदील घेऊन आली. वीज अर्थातच गेलेली. तिने आधी मला पाणी दिलं, मग बाहेर उभं राहूनच काठीने खिडकीवरचं प्लॅस्टिक फाडलं, दारावरची गोधडी ओढून काढली. "अरे, नवा घर म्हणजे बाळातीण," ती म्हणाली. "तिका शेक व्हयो, खरा. पण दारां-खिडक्यो लावन कोंडून घातलंस तर ती घुसमाटतली." बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची, ओव्याची धुरी असायची, पाळण्याखालच्या शेगडीवर टोपलं पालथं घालून लंगोट वाळवले जायचे. आणि त्या खोलीच्या वरच्या बाजूला कौलांतून, वाशांच्या फटींतून धूर आणि दमट हवा निघून जायची. आम्ही शेगडी तेवढी लक्षात ठेवली. फटी विसरलो, कारण त्या कुणी मुद्दाम ठेवल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मला मागच्या खोलीत नेलं. पुढे जे स्वयंपाकघर होणार होतं त्या खोलीत तो, त्याची बायको आणि दोन मुलं स्लॅब झाल्यापासून राहत होती. मी त्या खोलीत पूर्वी दारातून डोकावण्यापलीकडे गेलो नव्हतो. कोपऱ्यात तीन चिऱ्यांची चूल, वर भिंतीवर काजळीचा पंखा पसरलेला. खिळ्याला दप्तर. एका दोरीवर कपडे, आणि ते कोरडे होते. मिस्त्रीच्या बायकोने भाकरी थापता थापता डोक्यावरचा पदर सावरला. मिस्त्रीने भिंतीवर बोटांची मागची बाजू आपटली. टण. हॉलच्या भिंतीतून येतो तसा बसका आवाज नव्हे. "इथं प्लॅस्टिक लावा," तो म्हणाला. लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत एक थेंब नव्हता.

तोच गिलावा, तेच सिमेंट, त्याच आठवड्यातला. ती भिंत पूर्वेची होती, तिच्यावर पावसाचा मारा कमी, हे खरं. पण उत्तरेची आतली भिंत हॉलमध्ये ओलीच होती आणि इथे कोरडी. लाकूड जळतानाही पाणी निघतं, भात शिजताना निघतं, चार माणसांच्या श्वासातून रात्रभर निघतं. तरीही. कारण चुलीचा धूर डोळ्यांत जातो म्हणून त्या बाईने खिडकी कधी बंदच केली नव्हती. दिवसातून दोनदा आग पेटत होती, तापलेली हवा भिंतीतलं पाणी घेऊन खिडकीतून जात होती, खालून दाराच्या फटीतून दुसरी येत होती. अडीच महिने, न चुकता. माझी भट्टी एका रात्रीची होती. भिंतीला एका रात्रीत काही सांगता येत नाही.

त्याच रात्री वाचताना बर्लिनबद्दल कळलं. १८७१ नंतर ते शहर भराभर वाढत होतं, चाळी उठत होत्या, आणि चुन्याच्या गिलाव्याच्या नव्या भिंती महिनोन् महिने ओल्या राहायच्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि घट्ट होता होता स्वतःच पाणी सोडतो. ज्यांना पूर्ण भाडं परवडत नव्हतं अशा कुटुंबांना घरमालक या ओल्या खोल्या अगदी स्वस्तात द्यायचे. त्यांनी चूल पेटवायची, श्वास घ्यायचा, तीनेक महिने राहायचं. भिंती वाळल्या की त्यांनी पुढच्या ओल्या इमारतीत जायचं आणि इथे खरा भाडेकरू यायचा. त्या लोकांना जर्मनमध्ये ट्रोकनवोनर म्हणत, म्हणजे राहून घर वाळवणारे. त्यांची मुलं कायम खोकत असत.

हे वाचून झाल्यावर मी मोबाईल बाजूला ठेवला. मागच्या खोलीतून मिस्त्रीच्या धाकट्याचा खोकला ऐकू येत होता. पावसाळ्यात सगळीच मुलं खोकतात असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नाही. पुण्यात आमच्या सोसायटीच्या मागे इमारत उठत होती तेव्हा दुसऱ्या मजल्यावर, बिनखिडक्यांच्या खोलीत, रखवालदाराचं कुटुंब वर्षभर राहत होतं. संध्याकाळी तिथे चूल दिसायची. त्या फ्लॅटला ओल नाही, असं बिल्डर पुढे गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगत असेल. मी मुलाला कुडाळला डॉक्टरकडे नेऊन आणलं. त्याने फार काही फिटलं असं वाटून घेतलेलं नाही.

मग आजीच्या घराचं उरलेलं अर्धं उत्तर सापडलं. तिची चूल पहाटे पेटायची आणि रात्री तिच्यात निखारे राखेखाली झाकलेले असायचे. धूर कौलांतून निघायचा म्हणून दुरून आमचं घर पेटल्यासारखं दिसायचं. त्या धुराने वासे काळे आणि कोरडे राहिले, वाळवी लांब राहिली. आठ पावसाळे चूल थंड, खिडक्या बंद, आतली हवा हललीच नाही. घराला पाणी बाहेर टाकायला कुणी उरलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस आम्ही कमी केलं आणि बरं केलं. खिडक्यांवरचं प्लॅस्टिक काढलं, पश्चिमेची झड दुहेरी करून थोडी लांब सरकवली म्हणजे पाऊस अडेल पण वारा जाईल. दोन मोठे पंखे आणले, एक हवा आत घेणारा आणि समोरचा बाहेर टाकणारा. हॉलच्या बाहेरच्या कोपऱ्यात, पडवीत, चूल मांडली. तिच्यावर सगळ्यांचं पाणी तापायचं, आणि पहिला पंखा तिथली गरम हवा आत ओढायचा. थोडा धूर यायचा, चालवून घेतला. भाच्याला व्हिडिओ पाठवला तर तो म्हणाला, "हा आमच्या दुसऱ्या प्रकारच्या हीटरचा गरीब मावसभाऊ झाला." रंगाऱ्याला पुट्टी आणि ऑइलबाउंड डिस्टेंपरवर पाणी सोडायला लागलं म्हणून तो नाराज झाला. ओल्या भिंतीवर पुट्टी म्हणजे आत पाणी कोंडणं, मग फुगे, मग लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारा खार. त्याऐवजी नीळ घातलेल्या चुन्याचे दोन हात दिले. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो.

गणपती त्या निळसर, ठिकठिकाणी डागाळलेल्या भिंतीसमोर बसले. वर फळापानांची माटवी बांधली, कवंडळं, तेरडा, नारळ, सगळं जागच्या जागी. सगळ्यांत मोठा ओला डाग मखराच्या बरोबर मागे आला, हे काकीच्या नजरेचं काम. रात्री भजनाला तीस-पस्तीस माणसं, सगळ्या खिडक्या उघड्या. भजनाने भिंत वाळली असं मी म्हणणार नाही. तीस माणसं एका खोलीत टाळ कुटत बसली तर घामाने भरच घालतात.

भिंत खरी वाळली ती ऑक्टोबरच्या उन्हात आणि नंतर रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्याने. डिसेंबरात चौकोन सलग चार दिवस कोरडा निघाला. मी पट्टी सोलून काढली, तिच्याबरोबर चुन्याचा एक पापुद्रा आला. मिस्त्रीचं कुटुंब तोवर पडवीत हललं होतं, कारण स्वयंपाकघरात लादी बसायची होती. काजळीवर रंगाऱ्याला तीन हात मारावे लागले, तरी पावसाळी हवेत ती अजून पुसटशी वर येते.

आता राहिला होता बाहेरचा गिलावा. जानेवारीत पश्चिमेची भिंत झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आलो तर मिस्त्रीने विहिरीच्या पंपाला पाइप जोडलेला, भिंतीला गोणपाटं टांगलेली, आणि तो वरपासून खालपर्यंत सपासप पाणी मारत होता. गोणपाटं गळत होती, खाली चिखल झाला होता.

काकी तिच्या खळ्यात भात वाळत घालत होती. ती सूप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आता परत कित्याक भिजवतास रे?"